दाजीपूर-राधानगरी: गवा दिसला नाही तर पैसे वाया?

करवीरकर (धागाकर्ता)

ताडोबाच्या धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं, "दाजीपूर कसं आहे? काय दिसतं?" तिथं अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय.

आधी रोखठोक सांगतो. वाघ बघायचा असेल तर ताडोबालाच जा. वाघ इकडून ये-जा करतो, ट्रॅप कॅमेऱ्यात आलेलाही आहे, पण पर्यटकाला दिसणं म्हणजे लॉटरी. गव्याची शक्यता बरी. तरी कुणी हमी देत असेल तर तो वाटाड्या नव्हे, एजंट समजा.

कारण जंगलाच्या जातीत आहे. ताडोबा म्हणजे साग-बांबूचं पानगळीचं रान. उन्हाळ्यात पानं झडतात, पाणवठे मोजके उरतात, जनावर पाण्यावर येतं आणि दिसतं. इथं सगळा मामला सदाहरित आणि निमसदाहरित. भर मे महिन्यात अंजनी, जांभूळ, हिरडा हिरवेगार आणि खाली कारवी माजलेली. रस्त्यापासून वीस पावलांवर कळप उभा असला तरी पत्ता लागत नाही. आधी काटकी मोडल्याचा आवाज येतो, मग जोरात एक फुत्कार. तोवर त्यानं तुम्हाला कधीच हेरलेलं असतं. गव्याची नजर बेताची, पण नाक फार तिखट.

दिसला तर मात्र विसरणार नाही. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो. काळाकुळकुळीत, तुकतुकीत अंग, मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत उंच गेलेला कणा आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. माद्या आणि तरुण जनावरं तपकिरी. नर रस्त्यात आडवा उभा राहून अंगाची पूर्ण बाजू दाखवायला लागला तर ते पोज देणं नसतं. "बघ मी केवढा आहे" असा इशारा असतो तो. तेव्हा जीप मागं घ्यायची, फोटो गेला तरी चालेल.

थोडा इतिहास. संस्थानकाळात हे करवीर दरबारचं शिकारीचं रान. १९५८ मध्ये 'दाजीपूर गवा अभयारण्य' जाहीर झालं, आजच्या महाराष्ट्रातलं हे पहिलं अभयारण्य. १९८५ मध्ये हद्द वाढवून ३५१.१६ चौरस किलोमीटर केली आणि नाव राधानगरी अभयारण्य झालं. राधानगरी आणि काळम्मावाडी ही दोन्ही धरणं याच जंगलाच्या कुशीत. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातली चारच आली: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. पहिल्या तिन्हींची नावं लोकांना पाठ आहेत. चौथं सांगितलं की पुण्यातले मित्र म्हणतात, "ते धरणाचं गाव ना?"

हो, धरणाचंच गाव. शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायला घेतलं आणि आपल्या कन्येच्या, राधाबाईंच्या नावानं हे गाव वसवलं. पैशाअभावी काम रेंगाळलं, पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न, "राधानगरीचे किती दरवाजे उघडले?" सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की आपोआप उघडतात, उतरलं की आपोआप मिटतात. त्यावर पंचगंगेची पातळी आणि शिरोळकडच्या लोकांची झोप अवलंबून. धरणाच्या वरचं जंगल धरणासाठी काय करतं हे कोणाच्या बोलण्यात येत नाही. दाजीपूर भागात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो. ते पाणी पाचोळ्यात आणि मुळांत मुरतं, म्हणून ओढे होळीनंतरही झुळझुळत असतात. डोंगर उघडे असते तर धरण केव्हाच गाळानं भरलं असतं.

म्हणून माझं मत असं की दाजीपूरला जनावर मोजायला जाऊ नये. सकाळच्या पहिल्या फेरीत आत शिरा, सावराई सड्यावर (सडा म्हणजे कातळाचं उघडं पठार) जीप बंद करायला सांगा आणि अर्धा तास गप्प बसा. धनेश उडताना पंखांचा आवाज आधी येतो आणि पक्षी मागून, हे तिथंच कळेल.

जाण्याची माहिती: कोल्हापूर ते राधानगरी पन्नास-पंचावन्न किलोमीटर, पुढं फोंडा घाटाच्या रस्त्यानं दाजीपूर. आत कच्चा रस्ता. नाक्याजवळ स्थानिकांच्या जीप मिळतात. पावसाळ्यात आतलं पर्यटन बंद. दर आणि नियम बदलत असतात, निघण्याआधी चौकशी करा.

---

ठाणेकर_काका

लेख उत्तम, पण आमचा अनुभव ऐका. मे महिन्यात सहकुटुंब गेलो होतो. जीपमध्ये हाडं खिळखिळी झाली. दिसलं काय? एक शेकरू आणि लांबून पळालेलं एक भेकर. नातू विचारतो, "आजोबा, प्राणी कुठायत?" त्याला काय सांगू, पाचोळ्यात पाणी मुरतंय ते बघ? एवढ्या पैशात कात्रजचं प्राणिसंग्रहालय चार वेळा झालं असतं.

---

करवीरकर

काका, फेरी किती वाजताची होती? दुपारी गेला असाल तर कळप गर्द सावलीत रवंथ करत बसलेला असणार. पहाटे किंवा ऊन उतरल्यावर तो गवताळ सड्यांवर आणि पाण्याकाठी येतो.

आणि शेकरूला एवढं हलकं घेऊ नका हो, राज्यप्राणी आहे तो! एकाच भागात त्याची चार-पाच घरटी असतात, उंच फांद्यांच्या टोकाला, जिथं जड शिकारी पोचत नाही. पुढच्या वेळी नातवाला ती शोधायला लावा. जमिनीवर सहसा उतरत नाही ते, या झाडावरून त्या झाडावर उड्या मारत जातं. म्हणजे शेकरू दिसलं तिथं वरचं छप्पर अजून सलग आहे असं समजायचं.

---

सुरंगी

सड्याचा उल्लेख केलात पण दोन ओळींत उरकलात, म्हणून भर घालते.

वरवर बघता सडा म्हणजे उघडाबोडका जांभा. माती जेमतेम बोटभर, तीही खळग्यांत. उन्हाळ्यात पाय भाजतात. जूनचा पाऊस पडला की आठवड्याभरात खळगे भरतात आणि त्या बोटभर मातीतून जे उगवतं ते झाडाखाली कुठंच उगवत नाही. धो धो पावसानं मातीतली पोषक द्रव्यं धुऊन जातात, नत्र तर फारच कमी. म्हणून इथल्या काही वनस्पती किडे खाऊन भूक भागवतात.

दवबिंदू बघायची तर सरळ पोटावर झोपावं लागतं. रोप दोन बोटांएवढं. पानावर लालसर केस, प्रत्येकाच्या टोकाला चिकट थेंब. चिलटासारखा किडा टेकला की आधी त्याचे पाय अडकतात, तो झटापट करतो तसे शेजारचे केसही त्याच्यावर वाकतात. घाई अजिबात नसते. घड्याळ लावून बघितलं तरच हालचाल कळते. सीतेच्या आसवांचं वेगळंच. वर निळं-जांभळं नाजूक फूल, अगदी सोज्वळ! सापळा खाली चिखलात, टाचणीच्या डोक्याहून लहान फुग्यांचा. जीव जवळून गेला की फुगा त्याला पाण्यासकट आत ओढून घेतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत. शेजारी पानगेंदांचे पांढरे बोंडे, कडेनं तेरडा आणि सप्टेंबरपासून पिवळीधमक सोनकी.

पावसात आत जाता येत नसलं तरी रस्त्यालगतच्या उघड्या कातळांवर यातलं बरंच दिसतं. फक्त फुलांत बसून फोटो काढू नका. एका माणसाची बैठक म्हणजे तिथली त्या वर्षीची बी गेली. यातल्या कितीतरी वनस्पती एका पावसाळ्यापुरत्याच जगतात, पुढचं वर्ष सगळं बियांच्या भरवशावर.

---

शिवारातला

करवीरकर, लिहिलंय झकास. सुरंगीताईंनी बी नाद खुळा माहिती दिली. पण आमची बाजू कोण मांडणार? मीच मांडतो की.

माझं गाव अभयारण्याच्या कडंला. तुम्ही गवा बघायला पैसं मोजून येताय, आमच्याकडं तो रात्री आपणहून येतोय. उसाचं कोवळं वाडं त्याला लई आवडतंय. भात पोटरीला आला की कळप शिवारात. खातोय थोडं, तुडवतोय जास्त. आमचा म्हातारा सत्तरीतबी माळ्यावर राखणीला जातोय, हातात बॅटरी आणि पत्र्याचा डबा. पहिल्या वर्षी डबा वाजवला की पळायचा, आता मान वर करून बघतोय आणि परत खायला लागतोय. नुकसानभरपाई हाय, नाही असं नाही. पण अर्ज, सातबारा, फोटो, पंचनामा, आणि पंचनाम्याआधी रान आवरायचं नाही. तवर पुढची पेरणी अडकून बसती.

आणि ते जागतिक वारसा. २०१२ ला पेपरात आलं तवा आमच्या पारावर आठ दिवस दुसरा विषय नव्हता. कोण म्हणतंय गोठा बांधायला बी आता परदेशातनं परवानगी लागणार, कोण म्हणतंय गाव उठवणार. चांदोलीची गावं उठलेली आमच्या लोकांनी बघितलीत. भीती उगीच नव्हती.

गव्यावर राग नाही, जनावर हाय ते. पण 'आहाहा निसर्ग' म्हणताना रात्री डबा वाजवणारा बी त्या फोटोत घ्या.

---

मिलिंद_एन

+१ शिवारातला. तुमचा प्रतिसाद मूळ लेखात जोडायला हवा.

शहरात आलेल्या गव्याचं आपण काय करतो हे पुण्यानं दाखवलंच आहे. डिसेंबर २०२० मध्ये कोथरूडच्या सोसायटीत गवा शिरला. मोबाइल घेऊन शेकडो माणसं मागं, जनावर कित्येक तास जिवाच्या आकांतानं धावत होतं, शेवटी बेशुद्धीचं इंजेक्शन दिलं आणि त्यातच ते गेलं. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर सकाळी 'बघा बघा' आणि संध्याकाळी 'श्रद्धांजली'. तुमच्या वडिलांनी सत्तरीत जेवढा संयम ठेवलाय त्याच्या चार आणेसुद्धा आम्ही ठेवला नाही.

---

आडवळणी

शिवारातला, गोठ्याबद्दल सांगतो, कारण यात तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी नेहमी होते.

युनेस्कोच्या यादीमुळं भारतात नवा कायदा लागू होत नाही. राधानगरीचं जे क्षेत्र यादीत गेलं ते आधीपासूनच अभयारण्य होतं, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्याला होताच. दुसरी गोष्ट म्हणजे अभयारण्याभोवतीचा इको-सेन्सिटिव्ह झोन. तो १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली येतो. खाणी, क्रशर, प्रदूषण करणारे कारखाने यांना त्यात मज्जाव असतो. चालू शेती, गुरं, स्थानिकांची राहती घरं यांवर बंदी नसते, नवीन मोठी बांधकामं मात्र नियमांत बसवावी लागतात. तिसरी गोष्ट संपूर्ण पश्चिम घाटाची: गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा, आणि त्यावरचे मसुदे एकामागून एक निघत राहिले. तुमच्या पारावर बहुतेक या तिन्हींवर एकदमच चर्चा झाली असणार. दोष पारावरच्यांचा नाही, मराठीत चार पानांत समजावून कुणी सांगितलंच नाही.

आणि सुरंगी, तुमच्या सड्याखाली काय आहे हेही सांगायला हवं होतं. बॉक्साइट! राधानगरी तालुक्यातच दुर्गमानवाड, इदरगंज पठार ही नावं त्यामुळंच गाजली. जांभ्याचं पठार आणि बॉक्साइट हे एकाच प्रक्रियेचे भाऊ. लाखो वर्षांच्या पावसानं खडकातलं सगळं विरघळवून नेलं आणि लोह, अॅल्युमिनियम तेवढं मागं राहिलं. म्हणजे ज्या नापीक जमिनीमुळं दवबिंदू जगतो, त्याच जमिनीवर खाणवाल्यांचा डोळा. सरकारी कागदात सडा 'पडीक' म्हणून लागला की काम सोपं होतं.

---

सुरंगी

आडवळणी, अगदी. जंगल तोडलं तर फोटो छापून येतो. सडा खणला तर "तिथं काही नव्हतंच" म्हणतात.

फक्त एक. कासवर कुंपण घातलं तेव्हा सगळे खूश होते, पण गुरांची चराई थांबल्यावर गवत माजलं आणि ठेंगणी फुलं त्याखाली दबायला लागली. शेवटी ते कुंपण काढावं लागलं. तेव्हा सड्यावर गावच्या म्हशी दिसल्या म्हणून नाकं मुरडू नयेत.

---

बेळगावकर

आमच्याकडून थोडी भर. नकाशा उघडून बघा. राधानगरीच्या उत्तरेला कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. दक्षिणेला आंबोली, तिलारी, मग गोव्यातलं म्हादई, आमच्याकडचं भीमगड आणि पुढं दांडेलीचा काळी व्याघ्र प्रकल्प. वाघ जास्त आहेत ते दांडेलीकडं, सह्याद्रीतलं घर बरंचसं रिकामं. मधला जिना राधानगरी. नर वाघ वयात आला की स्वतःचा मुलूख शोधायला निघतो, तो या वाटेनंच वर सरकणार. म्हणून तिलारीला २०२० मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र केलं, नंतर आजरा-भुदरगड, चंदगड, विशाळगड, गगनबावडा इकडचेही पट्टे राखीव झाले.

कागदावर वाट जोडली गेली, पण मधेमधे रबर, अननस आणि काजूच्या बागांसाठी डोंगरच्या डोंगर साफ होतायत ते आम्ही चोर्ला घाटातून जाताना बघतोय. वाघाला सातबारा वाचता येत नाही. त्याला फक्त आडोसा कळतो.

---

भटकी_जमात

मस्त धागा! वाचनखूण साठवली. मी मे अखेरीस काजव्यांसाठी जातेय, राधानगरीत काजवा महोत्सव असतो ना? ग्रुपमध्ये पंधराजण आहोत. टिप्स द्या प्लीज, रात्रीच्या फोटोंसाठी कुठली जागा चांगली?

---

करवीरकर

जरूर या, पण पंधराजणांच्या चार गाड्या आणू नका, एकच मोठी करा. काजव्याचं चमकणं म्हणजे नराचं मादीला बोलावणं. गाडीचे दिवे, मोबाइलचे टॉर्च पडले की ते थांबतं. पहिल्या पावसाच्या आधीचे मोजके दिवसच त्यांच्या हातात असतात. फोटो ट्रायपॉडवर बिनफ्लॅशचे निघतात. टॉर्च लागलाच तर लाल कागद लावून जमिनीकडं धरायचा.

---

ठाणेकर_काका

आमच्या वेळी काजवे अंगणात यायचे, महोत्सव लागत नव्हता.

(फेरी दुपारी अडीचची होती. जीपवाल्याला तेव्हाच वेळ होता.)

---

भटकी_जमात

काका :D

एकच गाडी करतो. फ्लॅश बंद.

---

अनघा_देशमाने

इतकं छान वाचल्यावर घरगुती प्रश्न विचारायला संकोच वाटतोय. आईला दाजीपूरजवळच्या गगनगिरी महाराजांच्या मठात जायचंय, वय ७२, गुडघे दुखतात. उगवाई देवीचंही नाव काढते. आम्ही गाडी चालवत नाही. एसटीनं जमेल का? जळवांची तिला फार भीती आहे.

---

शिवारातला

ताई, संकोच कसला. कोल्हापुरातनं कणकवलीकडं फोंडा घाटानं जाणाऱ्या एसट्या दाजीपूरवरनं जातात. कंडक्टरला आधी सांगून ठेवा, नायतर घाट उतरून कोकणात पोचाल. परतीची शेवटची गाडी किती वाजता ते उतरल्या उतरल्याच विचारा. पावसाळ्यात घाटात दरड आली तर रस्ता बंद होतोय, तवा दिवाळीनंतर या. त्या दिवसांत थंडीबी गुलाबी असती आणि जळवाबी नसतात. पावसातच आला तर मोजं पँटच्या वर ओढायचं, त्याला मीठ नायतर तंबाखूचं पाणी लावायचं. चिकटली तर ओढायची नाही, मीठ टाकलं की आपणच सुटती.

उगवाईला आत जंगलात थोडं चालावं लागतंय. आईंच्या गुडघ्यांचं बघून ठरवा, मठाचं दर्शन झालं की निम्मं काम झालं.

जेवणाची सोय गावात घरगुती होती, पण सकाळी सांगून ठेवायचं. ऐनवेळी दहा माणसं आली तर भाकरी थापणार कोण? आणि राधानगरी सोडली की मोबाइलची रेंज नाही, पैसे रोख ठेवा.